मास्टोडॉन आणि ब्लूस्काय: गल्लत होते ती इथे

फोंड्याला भाजी-पाव खाताना परवा पुन्हा तेच ऐकलं : "दोन्ही विकेंद्रित, म्हणजे शिव्या घालणाऱ्याला कोण हाकलणार?" 'दोन्ही' म्हणजे मास्टोडॉन आणि ब्लूस्काय, ट्विटरसारखी समाजमाध्यमं, पण सगळं एकाच मालकाच्या हाती राहू नये अशी रचना असलेली. आता लिहितोच.

मास्टोडॉन 2016 पासून आहे: हजारो सर्व्हर, प्रत्येकाचा अ‍ॅडमिन वेगळा. अक्षरमर्यादा मास्टोडॉनवर सहसा 500, ब्लूस्कायवर 300. यावरून भांडणाऱ्यांना माझा नमस्कार.

खरा फरक राखण (मॉडरेशन) कोण करतं यात आहे. मास्टोडॉनचा सर्व्हर शिगम्याच्या मांडासारखा (गावाने जमायची जागा), नियम त्या गावचेच लोक ठरवणार. उपद्रवी सर्व्हरला अ‍ॅडमिन 'मर्यादित' करू शकतो (जे फॉलो करतात त्यांनाच तो दिसतो) किंवा पूर्ण तोडू शकतो. तोडलं की तिथल्या सज्जन मित्रांशी असलेला दुवाही गेला. 2019 मध्ये गॅब हे कडव्या उजव्यांचं अमेरिकन समाजमाध्यम मास्टोडॉनचा कोड घेऊन आलं. त्याला बंद करणं कोणाच्या हातात नव्हतं, पण बऱ्याच सर्व्हरनी दारं लावून घेतली.

ब्लूस्कायवर खातं एकीकडे, राखण दुसरीकडे. कोणीही लेबल (पोस्ट कशी आहे हे सांगणारी खूण) लावण्याची सेवा चालवावी, तुम्हाला पटेल ती निवडावी. लेबल लागलेली पोस्ट लपवायची, इशारा देऊन दाखवायची की तशीच ठेवायची, हे तुम्ही ठरवायचं. कंपनीची स्वतःची राखण तिच्या अ‍ॅपमध्ये असतेच आणि ती खाती काढतेही. म्हणजे "कोण हाकलणार" हे इथेही खोटं.

पण लेबलाने फक्त माझे डोळे झाकले जातात. एखाद्या मुलीचा फोटो कोणी वाईट हेतूने टाकला, तिने तो लपवला, तरी ती सेवा न घेणारा सगळा वाडा तो बघतोच. मास्टोडॉनच्या अ‍ॅडमिनने तोडलं तर निदान त्याच्या सर्व्हरवरच्या कोणालाच तो दिसत नाही. मूळ ठिकाणी राहतो, हे खरं. तरी पेडणे-डिचोलीच्या शे-दीडशे मराठी माणसांसाठी मी मास्टोडॉनच निवडीन.

मात्र सर्व्हरची किल्ली दोन माणसांकडे हवी. मास्टोडॉनच्या सर्व्हर करारातही (त्यांच्या अधिकृत यादीत यायला पाळायचे नियम) आणीबाणीत आत शिरू शकणारा दुसरा माणूस आणि बंद करण्याआधी तीन महिन्यांची सूचना मागितली आहे. आमच्या एका गटाचा अ‍ॅडमिन तारवटी. बोट समुद्रात, पासवर्ड त्याच्याकडे, आणि एक घाणेरडी पोस्ट तो किनाऱ्याला लागेपर्यंत तशीच.