स्थानबद्धाची वही तुरुंगाबाहेर कशी येते

खटला न चालवता डांबलेल्या माणसाच्या तुरुंगकथनात कोर्टाचा प्रसंग शोधून सापडत नाही. आरोपपत्र नाही, साक्षीदार नाहीत, शिक्षेची मुदतही नाही. पक्का कैदी सुटकेचे दिवस मोजतो. स्थानबद्धाच्या हाती फक्त आदेशाचा कागद असतो.

आपल्याकडे ही रीत जुनी आहे. रँडच्या खुनानंतर १८९७ साली पुण्याच्या नातू बंधूंना १८२७च्या मुंबई रेग्युलेशन २५खाली विनाखटला अडकवलं गेलं. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या कलम २२ने या प्रथेला लगाम घातला, पण ती मोडली नाही. स्थानबद्धतेची कारणं शक्य तितक्या लवकर कळवायची, त्यावर निवेदन करू द्यायचं आणि तीन महिन्यांपलीकडे ठेवायचं तर सल्लागार मंडळाचं मत घ्यायचं, एवढंच.

तुरुंगात लिहिणं एक आणि लिहिलेलं बाहेर काढणं वेगळं. यावरचा महत्त्वाचा निकाल झाला तो एका मराठी पुस्तकावरून, आणि तेही आठवणींचं नव्हे. कम्युनिस्ट नेते प्रभाकर संझगिरी भारत संरक्षण नियम, १९६२च्या नियम ३०(१)(ब)खाली आर्थर रोडला स्थानबद्ध होते. सरकारच्या परवानगीनेच त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ लिहिलं, विषय मूलकणांचा. सप्टेंबर १९६४मध्ये लेखन संपलं, हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवण्याचा अर्ज गेला आणि मार्च १९६५मध्ये नकार आला. तुरुंग अधीक्षकांकडे केलेला अर्जही फेटाळला गेला. मग ते घटनेच्या कलम २२६खाली, म्हणजे रिट अर्ज घेऊन, मुंबई उच्च न्यायालयात गेले. तिथे निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि सरकार अपिलात सर्वोच्च न्यायालयात गेलं.

सरकारचा युक्तिवाद असा: १९५१च्या स्थानबद्धतेच्या अटींच्या आदेशात ज्या सवलती लिहिल्यात तेवढ्याच स्थानबद्धाला मिळणार, आणि पुस्तक बाहेर पाठवण्याची सवलत त्यात नाही. हे मानलं तर अन्न द्यायची अट लिहिलेली नसल्यास स्थानबद्धाला उपाशी मारता येईल, असं सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर १९६५च्या निकालात सुनावलं. अटींचा आदेश निर्बंध सांगतो. जे त्यात रोखलेलं नाही ते सरकारला मनाने रोखता येत नाही. हस्तलिखिताची वाट मोकळी झाली.

हा निकाल रोजनिशीसाठी सर्रास पुढे केला जातो, तिथे जरा जपून. अणूवरच्या पुस्तकाने सार्वजनिक सुरक्षिततेला धोका आहे असं सरकारनेही म्हटलं नव्हतं. पहारेकऱ्यांची नावं, बराकीतली मारहाण, कोण कोणाला भेटलं हे लिहिलेल्या वहीवर मात्र नेमका तोच आक्षेप घेता येतो.

शिवाय त्या निकालाचा पाया एका शर्तीवर होता. १९६२च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने कलम २१साठी, म्हणजे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी, कोर्टात जाण्याचा हक्क थांबवला होता तो भारत संरक्षण अध्यादेश किंवा त्याखालच्या नियम-आदेशांनुसार हक्क गेला असेल तरच. हस्तलिखित अडवणं त्या नियमांत बसत नव्हतं, म्हणून कोर्टाचं दार उघडं राहिलं. आणीबाणीतल्या राष्ट्रपतींच्या २७ जून १९७५च्या आदेशात ही शर्तच नाही. कलम १४ (समानता), २१ आणि २२साठी कोर्टात जाणं सरसकट बंद. पाठोपाठ मिसात, म्हणजे विनाखटला स्थानबद्धतेच्या अंतर्गत सुरक्षा कायद्यात, कलम १६अ आलं: आणीबाणीसाठी स्थानबद्धता आवश्यक असल्याचं जाहीर केलं की कारणंही सांगायची नाहीत, फेरविचार चार-चार महिन्यांनी, तोही सरकारनेच करायचा. एप्रिल १९७६मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या जबलपूर खटल्यातल्या निकालाने हे सगळं मान्य केलं. मुंबई उच्च न्यायालयाने मिसाबंदींच्या तुरुंगातल्या अटींबाबत दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने १९७७मध्ये काढून घेतला. संझगिरींचा दाखला तिथे चालला नाही, कारण आदेशातली शर्त गेली होती.

पुढे ४४व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही कलम २० आणि २१ स्थगित करता येणार नाहीत असं ठरवलं. कलम २२मधली प्रतिबंधक स्थानबद्धता मात्र अजून तिथेच आहे.