श्वास कोणी मोजले?

‘जखम सेप्टिक झाली’ असं आपण सर्रास म्हणतो, म्हणजे ती पिकली, तिच्यात पू झाला. डॉक्टर ‘सेप्सिस’ म्हणतात तेव्हा मामला वेगळा असतो. जंतूंशी लढताना शरीराची संरक्षणयंत्रणाच बेताल होते. रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांतून पाणी झिरपतं, रक्तदाब उतरतो. मूत्रपिंड, फुप्फुसं, मेंदू कमी पडू लागतात. रक्तात जंतू सापडायलाच हवेत असंही नाही, बऱ्याच रुग्णांचं ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहायची तपासणी, निगेटिव्ह येतं. २०१७ साली जगभरात अंदाजे १ कोटी १० लाख मृत्यू सेप्सिसशी निगडित होते, म्हणजे साधारण दर पाच मृत्यूंमागे एक.

ऑपरेशनला तीन दिवस झालेत, लघवीची नळी अजून आहे, अशा रुग्णात सेप्सिस ओळखायचा कसा? तापाची वाट पाहू नये. म्हाताऱ्या माणसांना ताप येतोच असं नाही, उलट अंग गार पडू शकतं. बोलणं आधी बिघडतं. काल सुनेला ओळखणाऱ्या आजी आज ‘गाडी किती वाजताची?’ विचारतात, आणि आपण ते वयावर ढकलतो. लघवी कमी होते. आणि श्वास वाढतो. पेशींवर ताण आला की रक्तात लॅक्टेट साठतं, आम्लता वाढते. ती उतरवायला शरीर जोरजोरात कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकू लागतं. त्यामुळे रक्तदाब ठीक असतानाही श्वास मिनिटाला २२च्या वर गेलेला असू शकतो, आणि बोटावरचा ऑक्सिमीटर खुशाल ९७ दाखवत असतो.

बीपी मशीन सांगतं, नाडी ऑक्सिमीटर सांगतो. श्वास मोजायला मात्र कुणीतरी मिनिटभर छातीकडे बघत उभं राहावं लागतं. ज्या वॉर्डात प्रत्येक रुग्णाच्या तक्त्यावर श्वास १८च लिहिलेले असतात, तिथे ते मोजले असतील यावर माझा विश्वास नाही.

शंका आली की घड्याळ सुरू होतं. आधी कल्चर आणि लॅक्टेटसाठी रक्त घ्यायचं. शॉक असेल, म्हणजे रक्तदाब इतका पडला असेल की अवयवांना रक्त पुरत नाही, तर तासाभरात अँटिबायोटिक द्यायचं. २००६च्या एका अभ्यासात शॉकमधल्या रुग्णांची जगण्याची शक्यता दर तासाच्या उशिराने सरासरी साडेसात टक्क्यांनी घटत होती. पोटात पू साठला असेल तर तो काढल्याशिवाय नुसत्या औषधांनी भागत नाही.

राहिलं सलाईन, आपलं लाडकं. बीपी पडलेल्या मोठ्या माणसाला ते भराभर देतात. ६० किलोच्या रुग्णाला पहिल्या तीन तासांत सुमारे १.८ लिटर. तरीही बीपी उचललं नाही, तर नॉरअॅड्रेनलीन, म्हणजे रक्तवाहिन्या आवळून बीपी वाढवणारं औषध. पण २०११ साली युगांडा, केनिया आणि टांझानियात तीन हजारांवर आजारी मुलांची चाचणी झाली, तेव्हा भराभर सलाईन दिलेल्या गटातच जास्त मुलं दगावली. सलाईन हेही औषधच; मात्रा चुकली की बाधतं.

मुळात सेप्सिस होऊ नये म्हणून करायच्या गोष्टी अगदीच साध्या आहेत. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभराहून अधिक आयसीयूंनी मोठ्या शिरेतल्या नळीसाठी पाच नियम पाळले: हात धुणं, रुग्णाला निर्जंतुक कापडाने पूर्ण झाकणं, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा पुसणं, शक्यतो जांघेतली शीर टाळणं, गरज संपलेली नळी काढणं. निम्म्याहून अधिक आयसीयूंत तीन महिन्यांतच अशा नळीमुळे होणारा रक्तातला संसर्ग शून्यावर आला. पाचव्या नियमासाठी डॉक्टर असावं लागत नाही. राउंडच्या वेळी उशाशी बसलेला नातेवाईकही विचारू शकतो, ‘डॉक्टर, ही नळी आज लागणार आहे का?’