गेमिंग लॅपटॉपचा प्रोसेसर: कुठे थांबायचं?

गेम सुरू असताना पडद्यावर जे जग धावतं, ती असते एकामागून एक येणाऱ्या चित्रांची रांग. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील, तर एका चित्राच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. १४४ हवी असतील, तर पुरते सातही नाहीत. तेवढ्यात प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप या दोघांना आपापलं काम उरकायचं असतं. काय घडलं हे प्रोसेसर ठरवतो: गाडी कुठवर पोचली, गोळी कुणाला लागली, भिंत कोसळली तर विटा कुठे पडतील. मग काय काय काढायचं याची यादी तो ग्राफिक्स चिपच्या हाती देतो आणि ती चिप फुल एचडी पडद्याचे २० लाख ७३ हजार ठिपके रंगवते. ती रंगवत असताना प्रोसेसर पुढच्या चित्राच्या तयारीला लागलेला असतो. त्यामुळे चित्रांचा वेग दोघांपैकी जो मागे पडेल त्याच्यावर ठरतो.

कमी बजेटच्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा ग्राफिक्स चिपच मागे पडते. हे पडताळून पाहणं सोपं आहे. एखाद्या गेममध्ये गर्दीच्या चौकात उभे राहा, कोपऱ्यात एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं येतात त्याचा, आकडा दिसू द्या आणि रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. रंगवायचे ठिपके निम्म्याहून कमी होतात. आकडा झपकन चढला, तर ग्राफिक्स चिप अडली होती. जागचा हलला नाही, तर प्रोसेसर. म्हणजे प्रोसेसरकडून आपल्याला हवं ते इतकंच, की त्याने ग्राफिक्स चिपला ताटकळत ठेवू नये. त्याच्यावर याहून जास्त खर्च केला, तर तो खेळात दिसत नाही.

मग किती कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग, पुरे? गेमचं सगळं काम वाटून घेता येत नाही. खेळाडूने काय केलं हे कळल्याशिवाय शत्रूने काय करायचं ते ठरत नाही. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशेब इथे लागू पडतो. समजा ४० टक्के काम एकामागून एकच करावं लागतं. मग ४ कोअरनी वेग १.८ पट होतो, ८ कोअरनी २.१ पट, आणि कितीही कोअर जोडले तरी अडीच पटीच्या पुढे जात नाही. म्हणून कोअर किती आहेत यापेक्षा एकेक कोअर किती तडफदार आहे हे मोलाचं. माझ्या मते ६ दमदार कोअर मिळाले की थांबावं. ४ मोठे म्हणजे वेगवान आणि ४ लहान म्हणजे कमी वीज खाणारे असतील तरी निभतं. नुसते ४ कोअर असलेला लॅपटॉप आज गेमिंगसाठी घेऊ नये, कारण गेमच्या मागे ब्राउझर आणि व्हॉइस चॅटही चालूच असतात. प्रोसेसर कमी पडला की सरासरी एफपीएस ठीक दिसतो, पण मधूनच एखादं चित्र रखडतं आणि नेमका नेम धरलेला असताना झटका बसतो.

नावं वाचायला मात्र सवड काढायलाच हवी. इंटेलचा आय७-१२५५यू घ्या. १० कोअर, पण त्यातले मोठे दोनच, आणि शेवटचं ‘यू’ सांगतं की तो १५ वॉटसाठी बनवलाय. आय५-१२४५०एच हा ८ कोअरचा, पण त्यात ४ मोठे आहेत आणि तो ४५ वॉटसाठी बनवलाय. तासभर गेम खेळायचा असेल, तर हा आय५च घ्यावा. एएमडीच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा बघावा. रायझन ५ ७५३५एचएस आणि रायझन ५ ७६४०एचएस दोन्ही ६ कोअरचे, दोन्ही एकाच मालिकेचे. पण पहिल्यातला ३ म्हणजे जुन्या झेन ३ घराण्याची रचना, दुसऱ्यातला ४ म्हणजे झेन ४. जुनी रचना वाईट नाही. स्वस्तात मिळत असेल तर अवश्य घ्यावी, फक्त नव्याचे पैसे मोजून नको. रायझन ७ ७४३५एचएसमध्ये तर ८ कोअर आहेत, पण स्वतःची ग्राफिक्स नाही. साधं पत्र टाइप करतानाही मोठी ग्राफिक्स चिप जागीच राहते आणि बॅटरी भराभर उतरते.

कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच छोटी, वेगवान स्मृती, तीही पाहावी. ४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक ठोका पाव नॅनोसेकंदाचा; रॅममधून माहिती यायला ८० ते १०० नॅनोसेकंद जातात. म्हणजे तीनशेहून जास्त ठोके हात बांधून बसायचं. कॅशे मोठी असली की ही खेप वारंवार पडत नाही.

आणि उष्णता. लॅपटॉपच्या बाबतीत मला हा मुद्दा सगळ्यात जवळचा वाटतो, कारण तो कुठल्याच स्टिकरवर नसतो. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत खर्च होते. त्यामुळे शेवटच्या थोड्याशा वेगासाठी भरमसाट वॉट जळतात. ४५ वॉटचा तो आय५ काही क्षण ९५ वॉटपर्यंत जाऊ शकतो. बऱ्याच लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांच्यावरून उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या त्याच नळ्या जातात, पंखेही तेच. पहिली दहा मिनिटं सगळं लोण्यासारखं चालतं. मग पंखे घोंघावू लागतात, गेममध्ये चालायला वापरायची डब्ल्यू-ए-एस-डीची बटणं बोटांना गरम लागतात, तापमान शंभर अंशांच्या घरात जातं आणि प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. अशा वेळी प्रोसेसरचा कमाल वेग थोडा खाली बांधून पाहा. नळ्यांवरचा भार हलका होतो आणि पुष्कळदा एफपीएस कमी होण्याऐवजी स्थिरावतो.

आरटीएक्स ४०५० ही एकच ग्राफिक्स चिप कंपन्या ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कुठल्याही मर्यादेत बांधतात. तेव्हा दोन लॅपटॉप तोलताना वॉटचा आकडा मागून घ्या, आणि चाचणी वाचायची तर अर्धा तास सलग खेळल्यानंतरचे आकडे देणारी वाचा.

रॅमबद्दल एवढंच: एकच पट्टी असेल तर प्रोसेसर ६४ बिटांच्या वाटेने माहिती ओढतो, सारख्या दोन असतील तर १२८ बिटांच्या. डीडीआर४-३२०० या प्रकारच्या रॅममध्ये हा फरक सेकंदाला २५.६ आणि ५१.२ गिगाबाइट असा पडतो. खालचं झाकण उघडून दुसरा स्लॉट रिकामा दिसला, तर महागड्या प्रोसेसरसाठी बाजूला काढलेल्या पैशातून आधी तिथे पट्टी बसवा.