मीडिया लायबिलिटी विम्याचा अर्ज: कोण पात्र, कोणती कागदपत्रे, आणि अर्जात कुठे चूक होते

समजा, तीन वर्षांपूर्वीच्या एका व्हिडिओतल्या पार्श्वसंगीतावरून आज नोटीस आली. संगीताचा परवाना घेतलेला होता, पण तो तेव्हाच्या एडिटरने स्वतःच्या नावावर, वैयक्तिक वापरासाठी घेतला होता. एडिटर केव्हाच काम सोडून गेला. चॅनेल तुमचे, कमाई तुमची आणि नोटीसही तुमच्या नावावर.

मीडिया लायबिलिटी विमा अशाच प्रसंगांसाठी असतो. प्रसिद्ध केलेल्या मजकुरावरून अब्रुनुकसानी, कॉपीराइट किंवा ट्रेडमार्कचा भंग, खासगीपणाचा भंग, कल्पना चोरल्याचा आरोप असा दावा झाला, तर वकिलाचा खर्च आणि द्यावी लागणारी भरपाई पॉलिसीच्या मर्यादेत विमा कंपनी उचलते. ‘आम्ही खरेच दाखवले, मग कसली भीती?’ असे अनेकांना वाटते. अब्रुनुकसानीच्या खटल्यात सत्य हा मोठा आधार असतो, खासगीपणाच्या दाव्यात तो पुरेलच असे नाही. 2016 मध्ये अमेरिकेत ज्युरीने कुस्तीपटू हल्क होगन यांना गॉकर या संकेतस्थळाकडून 14 कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. गॉकरने त्यांची खासगी चित्रफीत प्रसिद्ध केली होती. ती खोटी आहे असे तिथे कुणाचेच म्हणणे नव्हते, वाद खासगीपणाचा होता. त्याच वर्षी गॉकर कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

कोणाला घेता येतो

एकट्याने चॅनेल चालवणारी व्यक्ती, पॉडकास्ट करणारे, प्रकाशक, निर्मिती संस्था, जाहिरात संस्था हे सगळे अर्ज करू शकतात. ज्यांचा मूळ धंदा वेगळाच आहे, पण ज्यांचा मार्केटिंग विभाग रोज काही ना काही प्रसिद्ध करतो, अशा कंपन्याही करू शकतात. या शेवटच्या गटाने आधी आपली सर्वसाधारण दायित्व (जनरल लायबिलिटी) पॉलिसी काढून वाचावी. तिच्यात बऱ्याचदा जाहिरातीतून झालेल्या हानीचे थोडे संरक्षण असते. मात्र जाहिरात, प्रसारण किंवा प्रकाशन हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांना त्याच पॉलिसीत वगळलेले असते. म्हणजे ज्याला गरज सर्वात जास्त, त्याच्यासाठी ते कलम कामाचे नाही.

पात्रता ठरवताना विमा कंपनी मुख्यतः तीन गोष्टी पाहते: मजकुराचा प्रकार, वार्षिक उत्पन्न आणि आधीच्या दाव्यांचा इतिहास. शोधपत्रकारिता, व्यक्तींवर थेट टीका, नकळत चित्रीकरण करून केलेल्या खोड्या यांना हप्ता जास्त पडतो, कधी नकारही येतो. पूर्वी नोटीस आली होती म्हणून अर्ज फेटाळलाच जाईल असे नाही. ती लपवली तर मात्र पुढे दावा नाकारला जाऊ शकतो.

अर्ज आणि कागदपत्रे

माझे ठाम मत आहे की या विम्यात पॉलिसीइतकाच प्रस्ताव अर्ज महत्त्वाचा आहे. विमा परस्पर सद्भावावर चालतो, हे तत्त्व इंग्लंडमध्ये 1766 साली कार्टर विरुद्ध बोम या खटल्यात लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी मांडले. कंपनीला जोखीम जोखता यावी म्हणून तुम्हाला माहीत असलेली महत्त्वाची गोष्ट सांगणे ही तुमची जबाबदारी आहे. त्यामुळे अर्जातला ‘दावा होऊ शकेल अशी एखादी घटना आपल्याला माहीत आहे का?’ हा प्रश्न घाईत ‘नाही’ लिहून सोडू नका. एखाद्याने ईमेलवर ‘व्हिडिओ काढा, नाहीतर वकिलाकडे जातो’ असे लिहिले असेल, तर तीही घटनाच. अर्ज भरण्याआधी जुना इनबॉक्स चाळावा.

दुसरा अवघड प्रश्न असतो प्रसिद्धीपूर्व तपासणीचा. तथ्ये कोण पडताळते, वादग्रस्त मजकूर वकील पाहतो का, संगीत आणि छायाचित्रांचे हक्क कोण तपासते? प्रत्यक्षात होते तेवढेच लिहा. ‘प्रत्येक भाग वकील तपासतात’ असे लिहिले आणि ते खरे नसले, तर नेमक्या दाव्याच्या वेळी ते वाक्य तुमच्याविरुद्ध उभे राहते. पद्धत नसेल तर आधी ती बसवा, मग अर्ज करा. एका पानाची तपासणी यादी आणि ती रोज पाळणारा माणूस, एवढ्यानेही सुरुवात होते.

सोबत व्यवसाय नोंदणी किंवा ओळखीचा पुरावा, उत्पन्नाचा तपशील, चॅनेल आणि संकेतस्थळांची यादी, जुनी पॉलिसी असल्यास तिची प्रत आणि दाव्यांचा इतिहास लागतो. त्याशिवाय संगीत, छायाचित्रे आणि फाँट यांचे परवाने, पडद्यावर दिसणाऱ्यांची संमतीपत्रे आणि फ्रीलान्सरांशी केलेले हक्क हस्तांतराचे करारही हाताशी ठेवा. परवाना कोणाच्या नावावर आहे, व्यावसायिक वापर चालतो का आणि मुदत किती, हे तपासा. छायाचित्राखाली मालकाचे नाव नाही म्हणून ते मोफत ठरत नाही. 1908 च्या बर्लिन सुधारणेपासून बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारातल्या देशांना एकमेकांच्या लेखक-कलावंतांवर संरक्षणासाठी नोंदणीची अट घालता येत नाही. चित्रपट किंवा माहितीपट असेल तर मूळ लेखकापासून निर्मात्यापर्यंत हक्क कसे आले त्याची अखंड कागदसाखळी आणि शीर्षकाचा शोध अहवाल (तेच नाव आधी कुणी वापरले आहे का, याची तपासणी) मागतात. वितरकही बहुधा ही पॉलिसी असल्याशिवाय पुढे जात नाहीत, म्हणून प्रदर्शनाच्या तोंडावर धावपळ करू नये.

कोटेशन आल्यावर

हप्त्याचा आकडा शेवटी पाहा. आधी वकिलाचा खर्च मर्यादेच्या आत धरला आहे की बाहेर, हे विचारा. आत असेल तर खटला लांबत जाईल तशी भरपाईसाठी उरलेली रक्कम आटत जाते. मग पूर्वलक्षी तारीख पाहा. पॉलिसीच्या काळात आलेल्या दाव्यांनाच लागू होणारी पॉलिसी असेल, तर त्या तारखेआधी प्रसिद्ध झालेला मजकूर सहसा संरक्षणाबाहेर राहतो. वर सांगितलेला तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ नेमका इथेच संरक्षणाबाहेर राहू शकतो. कंपनी बदलताना जुनी तारीख कायम ठेवण्याचा आग्रह धरा.

अपवादांत जाणूनबुजून केलेली खोटी प्रसिद्धी, आधीपासून माहीत असलेला वाद आणि पेटंट हे बहुधा असतातच. ब्रँडसोबतच्या करारात ‘सर्व नुकसानभरपाई निर्माता देईल’ असे कलम असेल, तर ते अंगावर घेतलेले दायित्वही वगळलेले असू शकते. तो करार सहीआधी ब्रोकरला दाखवा. एआयने तयार केलेल्या मजकुराबाबत पॉलिसीत काय म्हटले आहे, तेही लेखी विचारून घ्या.

नोटीस आली तर

त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवा. उशिरा कळवणे हे दावा नाकारण्याचे कारण ठरू शकते. समोरच्याला माफीचा मेसेज पाठवणे, पैसे देण्याचे कबूल करणे किंवा स्वतः वकील नेमणे, यातले काहीही कंपनीच्या संमतीशिवाय करू नका. व्हिडिओ प्रदर्शनातून काढायचा की नाही हेही विचारूनच ठरवा. मूळ फाइल, स्क्रिप्टचे मसुदे, परवान्याच्या पावत्या आणि ईमेल यातले मात्र काहीही पुसू नका.