झडप उघडली की वीज आधी घटते

5 एप्रिल 2020 च्या रात्री 9 वाजता देशभर दिवे मालवले, त्याबद्दलचे दोन समज अजून टिकून आहेत. एक, पणत्यांच्या उष्णतेने विषाणू मेले. त्यावर शाई खर्चण्यात अर्थ नाही. दुसरा शिकल्यासवरल्यांचा: ग्रिड कोसळणारच होती, नशिबाने वाचली.

मागणी 12 ते 14 हजार मेगावॅटने घटेल असा अंदाज होता; घटली सुमारे 31 हजारांनी. मागणी अचानक घटली की जादा ऊर्जा जनित्रांच्या फिरण्यात जाते, त्यांचा वेग वाढतो, वारंवारता, म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तने, 50 हर्ट्झच्या वर चढते. ते जाणवताच गव्हर्नर, म्हणजे वेग सांभाळणारे यंत्र, टर्बाइनची वाफ किंवा पाणी कमी करतो. हाच फीडबॅक. नियंत्रण कक्षातले अभियंतेही त्याच आकड्यावर डोळा ठेवून होते. अंदाज दुपटीने हुकूनही वारंवारता 49.7 ते 50.26 हर्ट्झमध्येच राहिली. सर्वांत मोठा भार उचलला जलविद्युत केंद्रांनी: आधी वीज झपाट्याने उतरवली, दिवे लागताच पुन्हा चढवली.

या चढवण्यातच खरी गंमत आहे. टर्बाइनकडे उतरणाऱ्या नळात प्रचंड वजनाचे पाणी असते. झडप जास्त उघडली तरी जडत्वामुळे ते लगेच वेग घेत नाही. वाट रुंद झाली, प्रवाह मात्र तेवढाच, त्यामुळे टर्बाइनपाशी दाब पडतो. शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. म्हणून वीज आधी घटते आणि मग वाढते. आता गव्हर्नर उतावळा असेल तर? वारंवारता पडली म्हणून झडप उघडली, वीज आणखी घटली, म्हणून झडप आणखी उघडली. पाणी वेग घेईपर्यंत ती भलतीच उघडलेली असते, मग तेच उलट दिशेने. झोके वाढतच जातात. म्हणून हा गव्हर्नर मुद्दाम सबुरीचा ठेवतात: क्षणिक बदलाला थोडीच दाद, टिकलेल्या बदलाला हळूहळू पूर्ण.

झडप हलली की वीज कशी बदलते हे सांगणारे सूत्र म्हणजे ट्रान्सफर फंक्शन; ते जिथे शून्य होते तो शून्यबिंदू. गणितात ही उलटी चाल म्हणजे त्याचा उजव्या अर्धप्रतलातला शून्यबिंदू. झोके विरणार की वाढणार हे ठरवणारे ध्रुवबिंदू फीडबॅक हलवू शकतो, हा शून्यबिंदू नाही. तेव्हा ‘एआय’ने ग्रिड क्षणात सांभाळू म्हणणाऱ्या जाहिराती वाचताना एवढे ध्यानात असावे, की नियंत्रक कितीही हुशार असला तरी नळातले पाणी तेच असते. घाई हवीच असेल तर नळ बदलावा लागतो. कोयनेच्या बोगद्यानंतर खोदलेली सर्ज विहीर, म्हणजे पाण्याचा दाब सावरणारी उभी विहीर, हेही काम करते: वेग द्यायचा पाण्याचा स्तंभ ती बराच आखूड करते.