ठासणीची बंदूक आणि पोकळ टोकाची गोळी

हरणाच्या शिकारीत ठासणीची बंदूक (नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची) वापरणाऱ्यांमध्ये एक समज पक्का बसला आहे: मऊ शिशाच्या गोळीच्या टोकाला पोकळी असली की ती कितीही अंतरावर फुलतेच, म्हणजे आदळल्यावर टोक पसरून रुंद होतंच. तसं नाही. फुलणं ठरतं ते आदळण्याच्या वेगावर आणि शिशाच्या कडकपणावर. पोकळी फक्त मदत करते. शुद्ध शिशाची ब्रिनेल कठिणता (धातूचा कडकपणा मोजायचं माप) साधारण 5. त्यात अँटिमनी किंवा कथील मिसळलं की ती वाढते, आणि मंद वेगात पोकळी जशीच्या तशी राहू शकते.

समज टिकण्याचं कारण बहुधा चाचणीतच आहे. पाण्याचे कॅन जवळ मांडून बार काढला की गोळी छत्रीसारखी उघडते. पण पाणी फुलणं जास्तच दाखवतं, आणि नळीपाशी असलेला वेग लांबवर उरत नाही. चाचणी खऱ्या अंतरावर, 10 टक्के बॅलिस्टिक जिलेटिनवर (मांसाच्या जागी वापरायचा जेलीसारखा ठोकळा) घ्यावी; नाहीतर जवळूनच, पण दारू कमी भरून त्या अंतरावरचा वेग साधावा. आणि गोळी किती खोल गेली तेही मोजा! फुललेल्या गोळीच्या फोटोत नेमकं तेच नसतं. .50 कॅलिबरची गोळी न फुलताही सुमारे 12.7 मिलिमीटर रुंद असते. उलट फुलून उथळच थांबलेली गोळी जास्त वाईट, कारण जनावर जखमी होऊन निसटतं.