समानुभूती (उद्योग व व्यवस्थापन)

समानुभूती : दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून त्याची गरज, भीती वा अडचण जाणून घेण्याची क्षमता. उद्योजकतेत तिचा संबंध मुख्यतः ग्राहकाशी येतो, नेतृत्वात कामगार व सहकाऱ्यांशी.

संज्ञेच्या उगमाविषयी एकमत नाही. ‘आइनफ्यूलुंग’ म्हणजे ‘आत शिरून अनुभवणे’ हे जर्मन नाम १८७३ मध्ये रोबेर्ट फिशर या जर्मन अभ्यासकाने सौंदर्यशास्त्रात रुळवले. कलावस्तूशी होणारे प्रेक्षकाचे तादात्म्य त्याला अभिप्रेत होते. मात्र याच धाटणीचे क्रियापद अठराव्या शतकात हर्डर या जर्मन विचारवंताच्या लेखनात आढळत असल्याने फिशरकडे पूर्ण श्रेय जात नाही. टेओडोर लिप्स या जर्मन तत्त्वज्ञाने ही कल्पना इतर माणसांच्या मनाच्या आकलनाला लावली. इंग्रजीतील ‘एंपथी’ हा शब्द सामान्यतः ई. बी. टिचनर या मानसशास्त्रज्ञाच्या नावावर १९०९ च्या सुमारास नोंदवला जातो. जेम्स वॉर्ड या इंग्रज मानसशास्त्रज्ञानेही तो त्याच काळात सुचवला असावा. आशय मात्र जुना आहे. ॲडम स्मिथने १७५९ मध्ये ‘सिंपथी’चे (सहानुभूतीचे) विवेचन करताना दुसऱ्याच्या परिस्थितीत कल्पनेने उतरण्यावरच भर दिला. आधुनिक अर्थशास्त्राचा पायाही त्यानेच घातला, म्हणून प्रस्तुत विषयाचा आरंभ स्मिथपासून मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मराठीत ‘सहानुभूती’ला करुणेची छटा चिकटल्याने ‘समानुभूती’ वा ‘परानुभूती’ हे शब्द पुढे आले.

उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांच्या काळी ही संज्ञा आपल्याकडे प्रचारात नव्हती. तरी त्यांचे उदाहरण येथे चपखल बसते. त्यांचा लोखंडी नांगर प्रथम खपेना, कारण लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. जमिनीवरच पोट असलेल्या माणसाला ही जोखीम लहान नव्हे. त्याच्या जागी उभे राहिले तर हा नकार अडाणीपणाचा न वाटता सावधपणाचा वाटतो. पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. औंध संस्थानाच्या आश्रयाने १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीत त्यांनी अस्पृश्यता पाळण्यास बंदी केली आणि शिक्षा भोगून आलेल्यांना रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले.

व्यवस्थापनशास्त्रात डॅनिएल गोलमन या मानसशास्त्रज्ञांनी नेतृत्वाला आवश्यक अशा भावनिक बुद्धिमत्तेच्या (स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखून हाताळण्याच्या क्षमतेच्या) पाच घटकांत समानुभूतीचा समावेश केला. वस्तुरचनेच्या ‘डिझाइन थिंकिंग’ पद्धतीतही वापरणाऱ्याशी समरस होणे ही पहिली पायरी धरतात.

समानुभूती जवळच्या व आपल्यासारख्या माणसांकडेच झुकते, हा मानसशास्त्रज्ञ पॉल ब्लूम यांचा आक्षेप महत्त्वाचा आहे. मालकाच्या डोळ्यांसमोर असलेल्या कामगाराला सवलत मिळते, दूरच्या खात्यातला तसाच राहतो. म्हणून समानुभूतीला नियमाचे रूप देणाऱ्या प्रयत्नांचे मोल अधिक मानावे लागते. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये १८८६ साली निवृत्तिवेतन निधी, १८९५ साली अपघात-भरपाई व १९०१ साली भविष्यनिर्वाह निधी सुरू झाला. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस लागू करण्यात आला.